मेन स्विच बंद असताना

खायचा सोडा, कोमट पाणी, दात घासायचा जुना ब्रश.

पनवेलजवळच्या करंजाड्यात तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत रखमा नवऱ्याचा धुतलेला शर्ट उजेडासमोर धरते. ॲसिडच्या भोकांतून ऊन आत येतं. "पुन्हा चाळणी," ती म्हणते, आणि तरीही घडी घालते.

मेलेली बॅटरी जिवंत बॅटरीइतकीच जड असते.

मोरा बंदराजवळच्या एका घरात पुतळा तव्यावरची भाकरी उलटते आणि खिडकीतून बाहेर बघते. दर भाकरीला एकदा.

"मार स्टार्टर!"

कट्ट.

"मार परत!"

कट्ट.

हा शेवटचा आवाज गोटीराम नाखव्याच्या बोटीचा. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली होती, बाकीच्या बोटी धूर सोडत धक्क्यावरून निघत होत्या, आणि गोटीरामची बोट नुसती टाळ्याला जीभ लावून गप्प बसत होती. लागोपाठ तिसरं वर्ष. तिन्ही वर्षं बॅटरी मारोतीने दिलेली.

मारोती धक्क्यावरच उभा होता. रखमाचा नवरा. ती ज्याच्या नावाने रोज बोटं मोडते ते ॲसिडचं काम त्याचं. आधी पावणे गावच्या बॅटरीच्या कारखान्यात, आता इथे स्वतःच्या दुकानात. मूळचा परभणीकडचा. समुद्र पाहिला तोच मुळी तिशीत. पण बंदरावर बॅटरी म्हटलं की त्याचंच नाव निघायचं.

मच्छीमार सोसायटीचा सिताराम चारचौघांत ओरडला, "काय रं मारोती, बॅटरी दिलंस का लोनच्याची बरनी?"

लोक हसले. इंजिनच्या भोकातून गोटीरामचं घामेजलेलं डोकं वर आलं. "भिकार माल! दरवर्साला हाच खेल. पोरा घेऊन दर्यात जातो मी, पिकनिकला नाय!"

हे मारोतीला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मागच्या हंगामात हीच बोट मोठ्या जहाजांच्या वाटेत बंद पडली होती. बॅटरी गेली म्हणजे थांबवलेलं इंजिन परत लागत नाही, दिवे गेले, वायरलेस गेला. जहाज समोरून येत होतं आणि खलाशी शर्ट काढून हलवत होते.

"या वर्साला सोसायटी पनवेलचे डीलरकडनं घेनार," सिताराम म्हणाला. "पयली बॅटरी गोटीरामची. टिकली, तर समद्या बोटी तिकडंच. टेन्शनच नको."

"घ्या ना," मारोती म्हणाला. "पन आजचा दिवस मला बोटीवर जाऊ द्या. खराबी कुठं हाय ते तर कळू द्या."

गोटीराम काहीतरी पुटपुटला. पण एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

*

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बंदी लागली की बंदरातले सगळे बॅटऱ्या उतरवून मारोतीकडे आणून ठेवत. तो त्या अधूनमधून हळूहळू चार्ज करी, चार्ज झाल्यावर पाणी बघी. अर्धवट उतरलेली बॅटरी दोन महिने तशीच पडली, की आतल्या प्लेटांवर पांढरं धरतं आणि मग तिला कितीही पाजा, ती घेत नाही. हे सगळ्यांना पटलं होतं. एकटा गोटीराम म्हणायचा, "माजी बॅटरी बोटीवच ऱ्हाईल." आणि हंगाम लागला की मेलेली बॅटरी स्वतः उचलून आणायचा, दुकानात आदळायचा. मारोतीला बोटीवर त्याने कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

*

आधी त्याने खायचा सोडा, कोमट पाणी आणि जुन्या ब्रशने टर्मिनलवरचा हिरवट बुरा धुतला. मग एकेका सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड किती दाट आहे ते, बघितली. काचेच्या नळीतला तरंगता काटा प्रत्येक सेलमध्ये तळाशी गेला. सगळ्यांत सारखाच.

एखादा सेल मेला असता, तर माल खराब म्हणता आलं असतं. सगळे सारखे उतरलेत, म्हणजे कोणीतरी पीत होतं.

त्याने मेन स्विच बंद केला आणि मीटर लावला. आकडा शून्यावर यायला हवा होता. आला नाही. करंट वाहत होता, अगदी थोडा. नळ घट्ट बंद करूनही टपकत राहावा तसा. पण दोन महिने टपकला तर पिंप रिकामं होतं.

त्याने वायर धरली. ती मेन स्विचला वळसा घालून निघाली होती आणि फळीच्या रंगाने रंगवलेली होती. घाईत नाही, निगुतीने. ती केबिनमध्ये चढली आणि देवीच्या तसबिरीमागे गेली. मारोतीच्या घरात देवी नव्हती. तरी तसबीर त्याने दोन्ही हातांनी उतरवली.

मागे नखाएवढा पिवळा दिवा. देवीपुढे दिवा बहुतेक बोटींवर असतो. मेन बंद केला की तोही विझतो. हा विझत नव्हता, आणि त्याचं तोंड देवीकडे नव्हतं. केबिनच्या काचेतून किनाऱ्याकडे होतं. खाली एका पोराचा पासपोर्ट साइज फोटो चिकटवलेला. गोटीराम आणि पुतळाचा मिथुन. तीन वर्षांपूर्वी याच बोटीवरून पाण्यात पडला, तो सापडला नाही.

"बगितलंस," दारातून गोटीराम म्हणाला.

"वायर कोनी टाकली?"

"मीच. पुतला बोलली, बोटीव अंदार नको. कवाच विजनार नाय असा दिवा लाव. बंदीत बोट वर वडली, की घरचे खिडकीतनं दिसतो तिला."

मारोतीने मीटर गुंडाळला. "तीन वर्सं मला शिव्या घालताय, नाखवा."

"कोनाला तरी घालायला लागतान ना," गोटीराम म्हणाला. आवाज आता धक्क्यावरचा नव्हता.

"वैनींला सांगा की. समजूतदार हायत त्या."

"तेच तं!" गोटीराम एकदम जवळ आला. "सांगितला तं ती लगेच बंद करील. बोटीव दुसऱ्यांची पोरा हान, बोलल, आनि सोताचे हातानं वायर तोरील. मंग भाकऱ्या करतान काय बगील ती? सांग मना. काय बगील?"

मारोतीने केबिनच्या काचेतून धक्क्याकडे बघितलं. वर जाऊन एक वाक्य बोलला असता, तर सितारामचं तोंड बंद झालं असतं. पण धक्क्यावर बोललेलं वाक्य मासळीच्या पाट्यांआधी घरोघर पोचतं.

तो बोटीवरून उतरला, दुकानातून एक लहान बॅटरी घेऊन आला आणि सोलरचं एक बुटकं पॅनल. पॅनल केबिनच्या टपावर, बॅटरी तसबिरीखालच्या कप्प्यात. दिवा आता स्वतःचं स्वतः कमावून खाणार होता.

"पुतला इचारील, ये काय?"

"सांगा, खलाशांच्या मोबाईलला हाय."

गोटीराम हसला, मग हसणं गिळलं. "आनि सोसायटीची बॅटरी?"

"येऊ द्या. नको म्हनलात तर कारन काय सांगनार?"

"तुजं नाव जाईल ना पन."

मारोतीने पक्कड मागितली.

जुनी वायर तोडून नवी जोडेपर्यंत दिवा विझलेला राहिला. तेवढा वेळ गोटीराम त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला.

*

पनवेलची बॅटरी आली. बोट एका स्टार्टरला उठली. गणपतीत उठली, दसऱ्याला उठली. सिताराम भेटेल त्याला सांगू लागला, "माल म्हनजे माल." एकेक बोट तिकडे गेली. मारोतीच्या दुकानात आता रिक्षांच्या आणि घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दिसू लागल्या. रखमाने विचारलं, "झालं काय नेमकं?" तो म्हणाला, "पनवेलवाले हुशार हायत."

दिवाळीच्या आधी पुतळा दुकानात आली. हातात सुकटीची पिशवी.

"ये घे. रखमाला दे." ती स्टुलावर टेकली. "भाव, राग मानू नको. मी तोंडावर बोलनारी बाई. मानूस तू सोन्यासारका, पन तुजा माल बराबर नव्हता."

"व्हय, वैनी."

"बग ना आता. एका झटक्यात चालू व्हते बोट. नाखवा पोरांना घेऊन जातो, माजा जीव निवांत असतो."

"चांगलं झालं की."

"आनि दिवा! पयला मंद मंद व्हायचा. मना वाटायचा, गेला आता, गेला. आता कसला झाक पेटतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. "चांगली हाय ना रं ती पनवेलची?"

समोर एका रिक्षाची बॅटरी उघडी होती. मारोती सेलमध्ये पाणी सोडत होता. खुणेपाशी येऊन थांबला.

"लई चांगली हाय, वैनी."

पुतळा उठली, पदर खोचला, आणि बंदराकडे निघून गेली.

मिथुन बोटीवरून पडला तेव्हा भर दुपार होती, लख्ख ऊन होतं.