एक नंबरचं बोलावणं

दाराची झडप उघडली की आवाज यायचा, "एक नंबर, चला." एक नंबर म्हणजे भिंतीकडच्या खाटेवरची रोसविटा. गेर्लिंडे दोन नंबर. गुप्त पोलिसांच्या त्या तुरुंगात माणसाचं नाव दारातच राहायचं.

गेर्लिंडेला समुद्राकाठी पकडलं, देश सोडायला बंदी असताना होडीनं डेन्मार्कला पळून जाताना. पहिल्या दिवशी चौकशीच्या साहेबांनी एकच विचारलं, होडी कुणाची? होडी हिनरिख मामांची होती. माहीत नाही, एवढंच ती म्हणाली. त्यानंतर तिला कुणी बोलावलंच नाही. मार नाही, शिवी नाही. नुसतं बसवून ठेवलं. वाचायला काही नाही, शिवायला काही नाही. खिडकीत काचेच्या जाड विटा, आभाळसुद्धा दिसेना.

रोसविटाला मात्र रोज बोलावणं. परत यायची ती गाल तजेलदार, अंगाला कॉफीचा आणि सिगारेटचा वास. गेर्लिंडे तो वास हुंगत विचारायची,

"काय विचारतात गं रोज?"

"काही नाही. हवापाण्याच्या गप्पा."

हवापाण्याच्या गप्पा! हिच्याशी माणूस तासन् तास बोलतो आणि माझी कुणाला आठवणही नाही?

आधी तिनं रोसविटाला मन मोकळं करून बरंच सांगितलं होतं. पावातलं शहाजिरं घशाखाली उतरत नाही, हेसुद्धा. सासूच्या हातचा पाव ती मुकाट गिळायची. नवऱ्यालाही कधी कळू दिलं नव्हतं. एकदा रडता रडता होडीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात झडप वाजली. रोसविटा केस सारखे करून लगबगीनं गेली. त्या लगबगीचा गेर्लिंडेला असा राग आला की तिनं बोलणंच टाकलं.

"रुसलीस होय, पोरी? काहीतरी सांगत होतीस ना?"

गेर्लिंडेनं पाठ फिरवली.

शेवटी तिला सोसेना. तिनं दार बडवलं, मला बोलायचंय म्हणाली. मामा म्हातारे आहेत, त्यांना काय करतील, अशी मनाची समजूतही घातली. घटकाभर कुणीतरी समोर बसून आपलं ऐकावं, एवढंच तिला हवं होतं.

"दोन नंबर, चला."

साहेबांनी खुर्ची दिली, कॉफी ओतली, पावाची बशी पुढे केली. "घ्या. शहाजिरं नाही यात. तुमच्या घशाखाली उतरत नाही ना?"

तिचा हात कपावरच थांबला. म्हणजे रोज इथं बसून गप्पा चालायच्या त्या आपल्याबद्दलच. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरंच वाटलं. मग अंगावर काटा आला. ती रुसली नसती तर मामांचं नाव केव्हाच या टेबलावर आलं असतं.

"बोला, काय सांगायचं होतं?"

"कोठडीत गारठा फार आहे. आणखी एक पांघरूण द्या."

तिनं कॉफी संपवली.

कोठडीत शिरताच रोसविटानं नाक वर करून वास घेतला. "काय विचारलं गं त्यांनी?" तिचा सूर गेर्लिंडेच्या चांगलाच ओळखीचा होता.

"काही नाही," गेर्लिंडे म्हणाली. "हवापाण्याच्या गप्पा."