उधाणाचा रकाना

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना बाक आहे आणि आमच्या ऑफिसातल्या संगणकाशी माझं मुळीच पटत नाही. बाकाला कसला आलाय मत्सर, असं तुम्ही म्हणाल. पण तुमच्या जागी दुसऱ्याला बसवून तुम्हाला दाराबाहेर काढलं, तर तुम्हालाही ते बरोबर समजेल.

माझा जन्म वटार गावचा. एका वाडीतला फणस वाऱ्याने पडला आणि स्टीवन सुतारांनी त्यातून मला घडवलं. त्यांनी माझ्या कडा इतक्या मऊ केल्या, की बसणाऱ्याचे हात आपोआप त्यांवरून फिरत. तिथून मी वसईतल्या एका विद्यापीठ केंद्रात आलो, विद्यार्थी साहाय्य कक्षात. ज्यांच्या घरातून आधी कुणीच कॉलेजात गेलेलं नाही, अशा मुलामुलींचं शिक्षण अर्ध्यावर सुटू नये म्हणून हा कक्ष आहे.

कक्षाच्या प्रमुख ऋतिका मॅडम. त्या टेबलामागून कधी बोलत नसत. मुलाला माझ्यावर बसवत आणि स्वतः त्याच्या शेजारी बसत. "समोर बसलं की मुलं घाबरतात, शेजारी बसलं की बोलतात. या बाकानं माझं अर्धं काम केलंय," असं त्या आल्यागेल्याला सांगत. ते ऐकून मी फुगून जाई. रडणं, रुसणं, डब्यातला घास वाटून खाणं, सगळं माझ्यावर होत असे. किती सुखाचे दिवस होते ते!

मग तो संगणक आला. कक्षातल्याच ॲल्रॉय सरांनी त्याला खोक्यातून असा अलगद काढला, जणू तान्हं बाळच. त्याच्या पोटात प्रत्येक मुलाची हजेरी होती, गुण होते. कोण मागे पडतंय, ते तो लाल रंगात दाखवी. त्याच्यासाठी नवं टेबल आलं आणि जागा होईना म्हणून मला ओसरीत ढकललं. माझ्या डोक्यावर कागदांची रिकामी खोकी रचली. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. मी दारातून बघत राहिलो. माझ्या वाट्याला एक पाकळीसुद्धा आली नाही. माझ्यावर बसणारी मुलं आता त्याच्या पडद्यावर उत्तरं देत. 'काही अडचण आहे का?' असं तो विचारी आणि मुलं सरळ 'नाही' दाबून निघून जात. मला मनातून गुदगुल्या होत. विचार अजून, म्हणावं!

एके दिवशी त्याने संजनाचं नाव लाल केलं. ही समुद्रकाठच्या कळंब गावची मुलगी, तिच्या वडिलांची होडी आहे. रोज माझ्यासमोरून मान खाली घालून जायची, पण ती माझ्यावर कधीच बसली नव्हती. तिच्या बऱ्याच चाचण्या बुडाल्या होत्या. आणखी एक बुडाली असती, तर तिला परीक्षेलाच बसता आलं नसतं.

मॅडमनी तिला बोलावलं आणि संगणकासमोरच्या खुर्चीवर बसवलं.

"संजना, दर पंधरवड्याला तू चाचणीच्या सुमारालाच कशी गं गैरहजर?"

"काय नाय मॅडम. बरं नव्हतं."

"कुठे नोकरी करतेस का?" ॲल्रॉय सरांनी विचारलं.

"नाय सर."

त्याच्यासमोर तीही 'नाही'च म्हणाली! मला इतका आनंद झाला, की माझे चारही पाय ताठ झाले. आणि तेवढ्यात वीज गेली! तो काळाठिक्कर पडला. उकडायला लागलं तशी मॅडम तिला घेऊन बाहेर आल्या, माझ्यावरची खोकी खाली ठेवून तिच्या शेजारी बसल्या.

संजनाचा हात माझ्या कडेवरून फिरत राहिला.

"मॅडम, उधान असतं तवा," ती हळूच म्हणाली. "पानी जोरात असतं, जाल्याला म्हावरं जास्ती लागतं. आई बाजारात जाते. मंग बोंबील साफ करून वालत घालायचं मीच. नाय घातलं तर सडून जातं. तुमची चाचनी बरोबर तवाच येते."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"म्हावऱ्याचा वास येतो म्हनतील ना सगली."

अमावास्या-पुनवेला उधाण, पंधरा दिवसांनी पुन्हा उधाण. आणि आमची चाचणीही पंधरा दिवसांनी! समुद्राच्या एवढ्या जवळ राहून चाचणी ठरवताना भरतीचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. वीज आल्यावर ॲल्रॉय सरांनी भरतीच्या तारखा संगणकात भरल्या, तर कळंबची आणखी काही नावं त्याच दिवसांवर गैरहजर दिसली. त्यांतलं एकही मूल आजवर माझ्याकडे आलं नव्हतं.

मित्रांनो, तेव्हा मला फार लागलं. मला वाटे, मी सगळ्या मुलांना ओळखतो. पण मी ओळखत होतो ती फक्त येणारी मुलं. न येणारी मुलं त्याला दिसली, मला दिसली नाहीत.

आता चाचण्या भांगाच्या दिवसांत होतात, म्हणजे पाण्याला जोर नसतो तेव्हा. संजना परीक्षेला बसली आणि पास झाली. संगणकात 'उधाण' नावाचा नवा रकाना आहे आणि पाहुणे त्याचंच कौतुक करतात. तो शब्द माझ्यावर बसून उच्चारला गेला होता, हे कुणी सांगत नाही. अजूनही माझा जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

यंदाच्या दसऱ्यालाही हार त्यालाच पडला. तेवढ्यात ओसरीत संजना आली. तिच्याबरोबर पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, ओढणीचं टोक चिमटीत धरून उभी. तिचंही नाव आत लाल झालं होतं म्हणे.

मित्रांनो, कोण आलं नाही ते त्या शहाण्याला जरूर विचारा. पण आलेल्याला बसायला शेजारी जागा ठेवा, आणि त्या जागेवर खोकी रचू नका.

संजनाने माझ्यावरची धूळ स्वतःच्या ओढणीने पुसली आणि त्या मुलीला म्हणाली, "बस गं. मी पन हयच बसलेली."