रांकोच्या घराचं आढं

रांकोच्या घराचं छप्पर रिफत मिस्तरी घालणार, हे कळलं तेव्हा व्रेलो गावात कुणाचा विश्वास बसेना. युद्धात जळालेली घरं एक परदेशी संस्था पुन्हा बांधून देत होती. लाकूड, कौलं, सिमेंट त्यांचं आणि कारागीर गावातले. रांकोचं नाव निघाल्यावर बाकीचे सुतार जमिनीकडे बघू लागले. रिफत म्हणाला, "मी करतो."

"डोकं फिरलंय का तुझं?" हुसोने त्याला बाहेर आल्यावर विचारलं. हुसो त्याच्या हाताखाली वीस वर्षं काम करत होता आणि तोंडाला कधी कुलूप लावायचा नाही. "त्या माणसाच्या डोक्यावर छप्पर? मी त्याच्या डोक्यावर तुळई टाकली असती."

"मेला की सुटला," रिफत म्हणाला. "उद्या सकाळी लवकर ये. करवतीला धार लाव."

शेमसा, रिफतची बायको, शेवटची दिसली ती रांकोच्या आवारात शिरताना. रांकोच्या बाजूचे शिपाई गावात आले, तेव्हा बाकीच्या पुरुषांबरोबर रिफत जंगलात होता. शेमसा मागे राहिली, कारण गाय विणार होती. भीती वाटली तर रांकोकडे जा, असं रिफतनेच तिला सांगून ठेवलं होतं. दोन घरांत कुंपण होतं, पण त्याला दार होतं, आणि सकाळची कॉफी कधी इकडे, कधी तिकडे व्हायची. युद्ध संपल्यावर रांकोने पोलिसांना सांगितलं, चौकशीला आलेल्या साहेबांना सांगितलं, रिफतलाही डोळ्यांत बघून सांगितलं: "मी स्वतः तिला बसमध्ये बसवलं, कोमशी. परदेशी जाणाऱ्या बसमध्ये. हात हलवला तिने." कोमशी म्हणजे शेजारी. इतकं सगळं झाल्यावरही तो रिफतला कोमशी म्हणायचा.

त्या बसमधून उतरलेल्या कुणालाच शेमसा दिसलेली नव्हती. रिफतने एकेकाला गाठून विचारलं होतं. पण शब्दाविरुद्ध शब्द, आणि मढं नाही. बेपत्ता म्हणून तिचं नाव लागलं. थडगं नाही, दगड नाही. बायको गेलेल्या माणसाला शुक्रवारी निदान जाऊन बसायला एक जागा लागते, तीही त्याला नव्हती.

त्याने काम मन लावून केलं. वासे स्वतः निवडले. गाठी असलेलं लाकूड परत पाठवलं. रांको सुरुवातीला लांब लांब राहायचा, मग हळूहळू जवळ यायला लागला. एकदा त्याने प्लमच्या दारूची बाटली आणली आणि वाशांच्या ढिगावर ठेवली.

"जुनं ते गेलं, कोमशी," तो म्हणाला. "तुझ्यासारखं मन सगळ्यांचं असतं तर देश केव्हाच उभा राहिला असता."

"वासा धर," रिफत म्हणाला. "तिकडून नाही, जाड बाजूने."

संस्थेची अमेला शहरातून यायची. चांगली पोरगी होती, सगळ्यांना काका-काकू म्हणायची. आढं चढवायच्या दिवशी जुनी रीत करायची आहे, असं रिफतने सांगितलं तेव्हा तिचे डोळे चमकले.

"काका, म्हणजे दानं पुकारायची ती? आमच्या साहेबांना फार आवडेल. पाहुणे बोलावते. कॅमेरेवाले बोलावते. आणि हातात धरायचा एक लाउडस्पीकर आणते, तुमचा आवाज मागेपर्यंत नाही जायचा."

"रांकोलाही एक दे," रिफत म्हणाला. "त्याला खालून उत्तर द्यावं लागतं."

त्या खोऱ्यात घराचं आढं बसलं की शेजारीपाजारी सदरे, टॉवेल, मोजे आणतात. ते आढ्यावर दोरीला बांधतात. मिस्तरी वर बसून एकेक वस्तू उचलतो आणि देणाऱ्याचं नाव पुकारतो. घरमालक खाली पेला घेऊन उभा असतो आणि उत्तर देतो. जिवंत माणसाला म्हणायचं, "घर भरलेलं राहो." परगावी गेलेल्याच्या नावानेही दान बांधतात, त्याला म्हणायचं, "वाट सोपी होवो." आणि मेलेल्याच्या नावाने घरच्यांनी काही बांधलं असेल तर, "माती हलकी होवो." यात चूक करायची नसते. मेलेल्याला वाट सोपी म्हटलं, तर तो त्या वाटेने नव्या घरात येतो आणि कायमचा राहतो, हे लहानपणापासून सगळ्यांच्या कानावर असतं. मशिदीत जाणारे असोत की चर्चमध्ये जाणारे, या एका गोष्टीला सगळे सारखेच घाबरतात. शिकलेलेही उत्तर देताना घरातल्या म्हातारीला आधी विचारून घेतात.

त्या दिवशी आवार भरून गेलं. पाहुणे खुर्च्यांवर बसले. बाजूला मेंढी भाजत होती. रांकोची आई, स्ताना, काळा रुमाल बांधून मुलाच्या शेजारी उभी राहिली. रांकोने नवा सदरा घातला होता आणि सकाळपासून बरीच प्यायली होती. रिफत आढ्यावर चढला. हुसो शिडीवर थांबला.

रिफतने जिवंत माणसांची नावं आधी घेतली. टॉवेल, मोजे, एका शहाण्याने दिलेली कुऱ्हाड. "घर भरलेलं राहो," रांको खालून ओरडायचा, लोक हसायचे, पाहुणे टाळ्या वाजवायचे.

"ही कुऱ्हाड कोणी दिली रे?" कुणीतरी म्हणालं. "लाकडासाठी की बायकोसाठी?"

"सासूसाठी," दुसरा म्हणाला. परत हशा.

मेलेल्यांच्या नावाने बांधलेली दानं रिफतने मुद्दाम शेवटी ठेवली होती. आता परगावी गेलेल्यांची आली. जर्मनीत गेलेला लोहाराचा मुलगा. स्वीडनमधली नर्स. समुद्रापार हॉटेलात काम करणारा लंगडा इवो.

"वाट सोपी होवो," रांको म्हणाला. "वाट सोपी होवो." तिसऱ्यांदा जरा कंटाळून, "वाट सोपी होवो."

रिफतने सदऱ्याच्या आतून एक डोक्याचा रुमाल काढला, हिरवा, कडेला घरी विणलेली जाळी. हुसोला त्याने हे सांगितलं नव्हतं. त्याने तो दोरीला बांधला आणि लाउडस्पीकर तोंडाजवळ धरला.

"रिफतच्या घरची शेमसा. परदेशी गेलेली."

 मेंढी भाजणाऱ्याने काठी फिरवायची थांबवली. अमेलाने हसून पाहुण्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, तिला वाटलं काही गोड चाललंय.

रिफत वरून रांकोकडे बघत होता. आपल्या बाजूने सगळं ठरलेलं होतं. तो वाट सोपी म्हणणार. मग आपण विचारणार, कुठली वाट, कुठली बस, ड्रायव्हर कोण, सगळ्या गावासमोर, कॅमेऱ्यासमोर, तो अडखळेपर्यंत.

रांकोने वर पाहिलं. नवे वासे, नवं आढं, त्याचं घर. आईकडे पाहिलं. म्हातारीने छातीवर हात ठेवला होता.  

"उत्तर दे, कोमशी," रिफत म्हणाला. "मी थांबलोय."

"माती..." रांको म्हणाला. तो हळूच म्हणाला, पण लाउडस्पीकर तोंडाशी होता. "माती हलकी होवो."

कुठेतरी एक बाई रडायला लागली. रिफत आढ्याला दोन्ही हातांनी धरून बसला. त्याने ठरवलेला एकही प्रश्न त्याला आठवेना.

प्रश्न विचारला तो स्तानाने.

"कुठली माती, रांको?"

"आई, घरात चल."

"कुठली माती म्हणतेय मी. बसमध्ये माती असते का? कुठे आहे पोरगी?"

रांको खाली बसला. लाउडस्पीकर त्याच्या हातात तसाच होता, म्हणून पुढचंही सगळ्यांनी ऐकलं. शिपायांनी विचारलं, कोणी लपलंय का. म्हणाले, सापडलं तर घर जाळू. गवताच्या कोठाराचं दार त्याने स्वतःच उघडून दिलं. मग त्यांनीच त्याला खड्डा बुजवायला लावलं. प्लमच्या झाडांमागे चुन्याचा जुना खड्डा, तिथे.

"आणि घर तरी वाचलं का?" हुसो शिडीवरून ओरडला. "सांग ना, वाचलं का तुझं घर?"

रिफत हळूहळू खाली उतरला. लोक बाजूला झाले. तो रांकोजवळ गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं आता मारतो. कॅमेरेवाला पुढे सरकला. रिफतने रांकोच्या हातातून लाउडस्पीकर काढून घेतला, अमेलाला दिला, आणि फावडं मागितलं.

"काका, नको," अमेला म्हणाली. ती रडत होती. "त्यासाठी माणसं येतात. तुम्ही हात लावू नका, नाहीतर पुरावा..."

रिफत फावडं न घेताच प्लमच्या झाडांमागे जाऊन बसला आणि माणसं येईपर्यंत उठला नाही.

शेमसाला गावाच्या कबरस्तानात पुरलं. रिफतने पांढरा दगड स्वतः उभा केला. रांकोला शिक्षा झाली, पण फार नाही. गोळी त्याने मारली नव्हती, आणि मारणारे कोण ते सापडले नाहीत. संस्थेने कळवलं की ते घर आता अर्धंच सोडून देणार. रिफत शहरात गेला, अमेलासमोर बसला आणि म्हणाला, "कौलं पाठवा. मजुरी नको मला."

तो पुन्हा आढ्यावर चढला तेव्हा स्ताना संस्थेने दिलेल्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर आली.

"उतर रे लेकरा. मोडून टाक ते. मला त्याच्याखाली झोप यायची नाही."

"तुमच्यासाठीच घालतोय असं नाही, काकू."

"मग कोणासाठी?"

रिफतने कौल बसवलं, ठोकलं, दुसरं उचललं. हुसो खालून कौलं देत होता आणि आज गप्प होता.

"सुटून आला की तो म्हणेल, माझं घर नाही इथे, मी जातो मुलाकडे ऑस्ट्रियाला," रिफत म्हणाला. "तिथे त्याला कोण ओळखतं? तिथे तो म्हातारा शेजारी होईल, मुलांना गोळ्या वाटेल. नाही. त्याला घर आहे. कोरडं, पक्कं, गावाच्या मधोमध. इथे राहू दे त्याला. दुकानात जाऊ दे, रस्त्याने चालू दे, दार उघडलं की समोर मी."

स्ताना शिडीपाशी आली. मग म्हणाली, "आणि मी? मीही त्याच्याबरोबर?"

रिफतचा हातोडा थांबला. याचा त्याने विचार केला नव्हता. त्याने म्हातारीकडे पाहिलं, मग कबरस्तानाच्या दिशेने पाहिलं, हुसोला वर बोलावलं आणि खिशातून खिळे काढून दिले.

"वाऱ्याच्या बाजूला दुहेरी खिळे मार," त्याने सांगितलं. "गळता कामा नये."