लोणावळ्याच्या पुढे

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत, भात झोडून झाल्यावर, नवसी आणि पुतळी कल्याणला कन्याकुमारीच्या गाडीत चढल्या. दोघी बारवी धरणाकडच्या एका ठाकरवाडीतल्या. नवसी सतरा वर्षांची, पुतळी तिच्याहून थोडी लहान. झोपायच्या डब्यात दोघी पहिल्यांदाच येत होत्या. पुतळीने बाकाच्या निळ्या रेक्झिनवरून हात फिरवला आणि मान वर करून म्हणाली, "येवढ्या उंचावर निजायचा? आनि पडलो तं?"

"पडत नाही गं कोणी," अंजनीबाई हसून म्हणाली.

अंजनीबाईचा उल्हासनगरात शिलाईचा गाळा होता. दिवाळीच्या आधी ती वाडीतल्या मुलींना बटणं लावायला न्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत आणून सोडायची. त्यामुळे तिने केरळात कोळंबी सोलायचं काम आहे, राहायला खोली आहे, होळीला पोरी परत येतील असं सांगितलं तेव्हा नवसीच्या बापाने, बारकूने, मान डोलावली. पुतळीची आई येसू मात्र नको म्हणत होती. पुतळीने दोन दिवस जेवण सोडलं, मग आईही कबूल झाली.

बाईबरोबर चंदू नावाचा एक माणूस होता. माझा भाचा, असं तिने सांगितलं. तो दाराकडच्या बाकावर बसला आणि कोणाशी बोलला नाही.

गाडी सुटल्यावर अंजनीबाई मुलींच्या जवळ सरकली. "कोणी विचारलं तर तू सुनंदा, ही मंगल. मी तुमची मावशी. रिझर्वेशन त्याच नावावर मिळालंय, समझी?"

पुतळीला गंमत वाटली. "मंगल," ती स्वतःशीच म्हणून बघत राहिली.

अंबरनाथ मागे पडलं तशी नवसी खिडकीशी सरकली. आता बदलापूर येणार होतं. तिथल्या बाजारात ती आईबरोबर करवंदं विकायला बसायची. धावत्या गाडीतून ते कसं दिसतं, ते तिला बघायचं होतं.

"चला, वर चढा दोघी. आराम करा."

"आत्ताच? ऊन हाय अजून."

"वर जा म्हटलं ना." हा आवाज नवसीने याआधी ऐकला नव्हता.

दोघी समोरासमोरच्या वरच्या बाकांवर चढल्या. तिथून बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. बदलापूर गेलं ते नवसीला गाडीच्या बदललेल्या आवाजावरूनच कळलं. मग वांगणी गेलं. आपण गेलो हे आपल्या माणसांपैकी कोणी पाहिलं नाही, असं तिच्या मनात आलं.

खाली खिडकीशी एक वयस्क जोडपं बसलं होतं. बेलवलीचे श्रीपादराव अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि पत्नी पद्मजाताईंना घेऊन कन्याकुमारीला निघाले होते.

"मुलींना घेऊन कुठवर?" पद्मजाताईंनी विचारलं.

"तिरुपतीला," अंजनीबाई म्हणाली. "नवस बोललेला आहे."

नवसीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला. त्याने दाराकडेच चंदूला मुलींबद्दल विचारलं. "बेंगलोरला," चंदू म्हणाला. "मोठीचं ऑपरेशन आहे."

पद्मजाताईंनी मान वर करून नवसीकडे पाहिलं. नवसीने डोळे मिटून घेतले.

कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं लागायची होती. श्रीपादराव आणि पद्मजाताई वडे घ्यायला खाली उतरले. बाक मोकळा झाला तसा चंदू येऊन अंजनीबाईशेजारी बसला.

"सो गयी?" त्याने विचारलं.

"हां."

"छोटीचं काही नाही. ती मोठी फार बघते इकडेतिकडे."

"बघू दे. गुंटकलला ते लोक येतील, तिथंच देऊन टाकू. पुढचं त्यांचं ते बघतील."

नवसी हलली नाही. तिला गुंटकल कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. पण वाडीत असं शेळीबद्दल बोलतात, हे तिला ठाऊक होतं.

गाडी घाट चढू लागली. डब्यातले सगळे खिडक्यांशी गोळा झाले. "ती बघ दरी, ती बघ," श्रीपादराव पत्नीला दाखवत होते. कडे पिवळ्या उन्हात न्हाले होते आणि खाली झाडी काळपट होत चालली होती. पुतळी पालथी पडून, मान खाली घालून जेवढं दिसेल तेवढं बघत होती. पहिला बोगदा आला आणि सगळं काळं झालं. त्या धडधडाटात नवसीने हात लांबवून तिचं मनगट धरलं.

"पुतळे, ही बाय आपल्याला कोनाला तरी देनार हाय. मी ऐकला. पुढं गाडी थांबली का उतरू."

"तुला सपान पडला."

"नाय गं. शपथ."

बोगदा संपला. उजेडात पुतळीने हात सोडवून घेतला. पुढच्या बोगद्यात ती एवढंच म्हणाली, "घरी येऊन काय करू? मोळ्याच वाहू ना? तुला भ्या वाटतं तं तू जा."

लोणावळ्याला मागची इंजिनं सुटली. बाहेर अंधारून आलं होतं. नवसी खाली उतरली. "कुठे?" अंजनीबाईने विचारलं. तिने करंगळी दाखवली. चंदू उठून तिच्या मागे निघाला.

वाटेत पद्मजाताई उभ्या होत्या. त्यांच्याजवळून जाताना नवसी हळूच म्हणाली, "मी सुनंदा नाय. मी नवसी. ही माझी मावशी नाय."

पद्मजाताईंचा चेहरा उतरला. पण त्यांनी पायाजवळची मोठी वळकटी उचलून मधल्या वाटेत आडवी टाकली. "अहो, जरा हे वर ठेवता का? माझ्याच्याने होत नाही," त्या चंदूला म्हणाल्या.

"बाजूला व्हा, आंटी."

त्या बाजूला झाल्या नाहीत. नवसी दारात पोचली. तिने वळून हाक मारली, "पुतळे, चल!" पुतळी उठून बसली होती, पाय खाली सोडून. अंजनीबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि पुतळी तशीच बसून राहिली. गाडीला हिसका बसला. नवसीने उडी मारली.

फलाटावरच्या हवालदाराला आधी वाटलं, पोरगी घरातून पळून आली आहे. सगळं त्याच्या गळी उतरून पुण्याला फोन जाईपर्यंत वेळ गेला. पुण्यात पोलीस त्या डब्यात चढले तेव्हा पद्मजाताई रडत होत्या. मधे एका सिग्नलला गाडी रेंगाळली, तेव्हा ते तिघं उतरून गेले होते.

"साखळी ओढा म्हणून मी यांना किती सांगितलं," त्या म्हणाल्या. "हे म्हणत होते, खात्री नसताना कसं ओढायचं?" श्रीपादराव खिडकीबाहेर बघत राहिले. मग पद्मजाताईंनी पोलिसांना सांगितलं की पुतळीला कोणी ओढत नेलं नाही. ती आपली पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी उतरली, आणि जाताना "येते हं" असं त्यांना म्हणाली.

नवसी वाडीवर परतल्यावर बारकू आणि येसू उल्हासनगरला गेले तर गाळ्याला कुलूप होतं. शेजारच्या सिंधी दुकानदाराने सांगितलं, बाई भाड्याने होती, ती कुठली ते कोणालाच माहीत नाही. पोलीस दोनदा वाडीवर आले, मग येईनासे झाले.

येसू नवसीवर कधी रागावली नाही. ती फक्त विचारायची, "तिच्या अंगावर काही पांघराया होता का?" नवसी हो म्हणायची.

पुढच्या वर्षी, भात कापून झाल्यावर, वाडीत एक नवीन बाई आली. छान साडी नेसलेली, हातात खाऊची पिशवी. नाशकाकडे द्राक्षांच्या बागेत काम आहे, असं सांगत ती दारोदार फिरली. नवसीने वाडी गोळा केली. माणसं जमू लागली तशी ती बाई खाऊ तिथंच टाकून झपाझप उताराला लागली.

आणि येसू तिच्या मागे धावली. "बाय, थांब! माझे पोरीला नेली तिथं मला पन ने! मी काम करीन, बाय!"

बाई मागे न बघता चालत होती आणि येसू अनवाणी, हात पुढे करून तिच्या मागे. नवसीने धरणाच्या रस्त्यावर येसूला गाठलं. तिला परत आणायला दोन माणसं लागली.