आधी सन मोजायला शिकावे

माझ्या जिभेला हाड नाही आणि पेनाला तर मुळीच नाही, असं आमच्या इतिहास त्रैमासिकाचे संपादक गुरुलिंग अख्ख्या सोलापुराला सांगत फिरतात. फिरू देत. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, आता निवृत्त होऊन सात रस्त्याच्या मागं दोन खोल्यांत राहते आणि लोकांचे लेख तपासते. लेख येतो तो बिननावाचा. लिहिणारा कोण ते मला ठाऊक नसतं, तपासणारी कोण ते त्याला. म्हणून तर मनमोकळं झोडपता येतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी गुरुलिंग घामाघूम होऊन आले आणि पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले, "शकुंतलाबाई, हा लेख जरा सबुरीनं वाचा की."

"का? तुमच्या पाहुण्यांतला आहे वाटतं?"

"तसलं काही नाही हो. पण लेखकाचं म्हणणं असंय, की या वेळी लेख परत आला तर सगळे कागद ट्रंकेत घालून कुलूप लावायचं. पुन्हा लिहायचं म्हणून नाही."

"लावू दे कुलूप. आपल्याला काय, एक लेख कमी!"

गुरुलिंग ताक प्यायले आणि घाम पुसत गेले.

पाकीट उघडलं आणि माझं डोकंच फिरलं. लेख होता कर्नाटकाच्या हद्दीवरच्या एका गावातल्या बारवेवर. आता या बारवेवर माझ्या पुस्तकात पुरं एक प्रकरण आहे! सिद्धाप्पा पाटलांनी ती बांधली, हे मी पंचवीस वर्षांपूर्वी छापलंय आणि तेव्हापासून सगळे तेच उतरवून घेतात. आणि हा कोण उपटसुंभ म्हणतो, की बारव पाटलांनी बांधलीच नाही, त्यांच्या विधवेनं बांधली, चंद्रव्वानं. मी लाल पेनानं समासात "कशावरून?" असं लिहिलं. इतकं दाबून, की कागद फाटला.

कशावरून ते पुढच्याच पानावर होतं. जुन्या कागदांत नुसता सनाचा आकडा असतो. त्या काळी कालगणना दोन चालत, फसली आणि सुहूर. आकडा फसली धरला तर इसवी सनाचं एक वर्ष निघतं, सुहूर धरला तर त्याच्या नऊ वर्षं पुढचं. मी फसली धरला होता. लेखक म्हणत होता, सुहूर धरा, कारण बारवेच्या बांधकामाच्या कागदात तिथीबरोबर सोमवार लिहिलाय. आमच्या धंद्यात वार जुळवून बघणं ही पहिली पायरी. मुलांना मी हेच घोकून घेत असे. आणि स्वतः? खरं सांगायचं तर त्या वेळी छापखान्याची घाई होती, वार बघायचा राहून गेला.

मी जंत्री काढली, म्हणजे जुन्या सनांचं इसवीत रूपांतर करायचं ते जाडजूड पुस्तक. माझ्या वर्षी त्या तिथीला शुक्रवार निघाला. नऊ वर्षं पुढं, सोमवार. तीनदा बघितलं, तीनदा सोमवार. मग माझंच पुस्तक उघडलं. पान एकशे बारावर मीच लिहिलेलं, सिद्धाप्पांच्या मृत्यूचं साल. म्हणजे बारव बांधली तेव्हा पाटील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि पाटीलकी चालवत होती चंद्रव्वा. मेलेला माणूस बारव कशी बांधील गं बाई!

लपवत नाही, त्या क्षणी मनात पाप आलं. पुस्तकाची नवी आवृत्ती छापायला गेली होती. "पुरावा अपुरा, लेख परत करावा" एवढं लिहिलं की झालं. परीक्षकाला कोण विचारतोय? मी "पुरावा अपु" इथपर्यंत लिहिलंसुद्धा.

शेवटचं पान तेवढं वाचायचं राहिलं होतं. गुरुलिंगांनी पहिल्या पानावरचं नाव काळ्या शाईनं खोडलं होतं, पण शेवटी आभार असतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. लिहिलं होतं: "चार वर्षांपूर्वी माझा पहिला लेख नाकारणाऱ्या अज्ञात परीक्षकांचे आभार. 'लेखकाने आधी सन मोजायला शिकावे' हे त्यांचे एकच वाक्य माझा गुरू ठरले. श्रीदेवी, प्राथमिक शिक्षिका."

ते वाक्य माझं. सनांच्या कोष्टकात दोन चुका सापडल्या म्हणून बाकीची वीस पानं न वाचता फेकलेलं. मला माझीच लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला.

गुरुलिंगांना फोन लावला. "नाव खोडलंत आणि आभार ठेवलेत. काय संपादक आहात हो तुम्ही?"

"अरे देवा! चुकलं की बाई."

"बरं झालं चुकलं. लेख छापा. आणि शेजारी माझं पत्र छापा, नावासकट. बारव चंद्रव्वानं बांधली. माझं प्रकरण चुकलं आणि हिचा पहिला लेख नाकारणारीही मीच."

"पण बाई, तुमची नवी आवृत्ती..."

"थांबवते. मेलेल्या माणसाकडून आणखी किती बांधकाम करून घेऊ?"

अंक निघाल्यावर श्रीदेवी अक्कलकोटहून एसटीनं आली. पस्तिशीची, सावळी, खांद्याला शबनम. वाकून नमस्कार केला आणि पिशवीतून आपली जंत्री काढली. कव्हराच्या आत माझ्या अभिप्रायाचा कागद चिकटवलेला, पिवळा पडलेला.

"बाई, पहिले आठ दिवस नुसती रडले. मग चिकटवला. चार वर्षं जंत्री उघडली की आधी हेच वाचायची."

"फाडून टाक गं तो. माझ्यानं बघवत नाही."

"आँ! फाडू कशाला? सही द्या की त्याच्यावर."

मी पेन उचललं. "लेखकाने आधी सन मोजायला शिकावे" या ओळीखाली "आणि परीक्षकानेही" असं लिहिलं, आणि त्याखाली माझं पूर्ण नाव.