माळ्यावरचा नवा मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. पण माझी वायर ज्या प्लास्टिकच्या तारेने बांधून कारखान्यातून पाठवली होती, ती तार परवापर्यंत तशीच होती. न वापरता म्हातारे होणे काय असते, ते मी तुम्हाला सांगतो.

कारखान्यात माझे भाग जुळवले, तपासणीच्या टेबलावर मला एकदा फिरवून पाहिले आणि मी ठीक आहे असा शिक्का मारला. तेवढेच माझे फिरणे. मग भांडी, झाकणे आणि मी, सगळे थर्मोकोलात बसलो आणि खोक्याचे तोंड चिकटपट्टीने बंद झाले.

दिवाळीच्या आधी चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर आमचे खोके रांगेने मांडले होते. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणारी ती कंपनी कायम कामगारांना दर दिवाळीला एक वस्तू द्यायची. माझ्या खोक्यावर ज्योतीराम यांचे नाव आले. ते पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर काम करायचे. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी मला मांडीवर घेतले. शेजारचा म्हणाला, "आता वहिनींची मजा आहे राव, पाट्याला सुट्टी." ज्योतीराम नुसते हसले.

थेरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात साधनाबाईंनी माझे खोके उघडले. मोठ्या भांड्यात हात घालून पाते बोटाने हळूच फिरवून पाहिले. मला वाटले, आता आपले काम सुरू होणार. पण त्यांनी सगळे होते तसे परत बसवले, खोक्याला हळदकुंकू लावले आणि ज्योतीरामांनी मला माळ्यावर चढवले. तिथे आधीच्या दिवाळ्यांमधला कुकर, इस्त्री आणि काचेचा डिनर सेट होता. सगळे खोक्यात. सगळे नवे.

तेव्हापासून मी जग पाहिले नाही, फक्त ऐकले. सकाळी पाण्याची मोटर, रस्त्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न आणि खाली वरवंट्याचा आवाज. साधनाबाई शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटायच्या. आधी दाणे भरडले जाण्याचा जाड आवाज यायचा, मग लसूण आला की तो मऊ होत जायचा आणि बांगड्या ताल धरायच्या. हे माझे काम आहे, असे मला रोज वाटे.

एकदा ज्योतीरामांची मोठी बहीण तानुबाई देहूहून आल्या. त्यांच्या घरी कार्य होते. म्हणाल्या, "साधना, तो मिक्सर पडूनच आहे ना? चार दिवस दे की."

साधनाबाई म्हणाल्या, "वन्सं, तो स्वरूपाच्या लग्नाला ठेवलाय."

तानुबाईंनी लगेच मागणे सोडले. उलट म्हणाल्या, बरं केलंस. मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली वस्तू आपल्याकडे कोणी उसनी मागत नाही. शेजारच्या गुलशन इस्त्री मागायला आल्या, त्यांनाही हेच उत्तर मिळाले. गुलशन हसून म्हणाल्या, "पोरगी अजून सहावीत आहे भाभी, नवरा काय पाळण्यात शोधलाय का?" पण त्याही पुन्हा मागायला आल्या नाहीत.

खरे मला ठाऊक होते. सुट्टीच्या दुपारी, स्वरूपा शिकवणीला गेली की नवरा-बायको माझ्या खालीच बसून बोलायचे. बारावी झाली की स्वरूपाला मोठ्या कॉलेजात घालायचे. तिला औषधांचे शिक्षण घ्यायचे होते, फार्मसीचे. त्यासाठी एकदम पैसे लागणार. पगारातले काही उरत नाही, उरले की गावाकडे जाते. पण या वस्तू कोणी खात नाही की नेत नाही. डब्यातला कोरा माल आहे, विकला की चांगला भाव येईल. हा त्यांचा विचार होता. मित्रांनो, त्यात कष्ट होते, माया होती. कोणाला तरी विचारणे तेवढे नव्हते. बँकेत नाही, कॉलेजात नाही आणि जिच्यासाठी हे चालले होते तिलाही नाही. मुलगी बोलून गेली तर वन्संना कळेल, अशी साधनाबाईंना भीती वाटे.

मग स्वरूपालाही तेच खरे वाटत राहिले, जे सगळ्यांना वाटत होते.

ती अकरावीत होती तेव्हा साधनाबाईंचा उजवा खांदा धरला. त्या वाटायला बसायच्या आणि मध्येच थांबायच्या. ते थांबणे मला वर ऐकू यायचे. एक दिवस स्वरूपा स्टूल घेऊन माळ्यापर्यंत चढली. तिची बोटे माझ्या खोक्याला लागली. खालून साधनाबाई म्हणाल्या, "राहू दे. त्याला हात लावू नको."

स्वरूपा खाली उतरली. तिचा आवाज चढला नाही, पण गार झाला. "आई, तुला माझं शिक्षण दिसत नाही, लग्न तेवढं दिसतं. तुझी भांडी तुलाच लखलाभ."

 थोड्या वेळाने वरवंटा पुन्हा सुरू झाला. त्या दिवशी मी खोक्यात असूनही स्वतःला झाकून घ्यावे असे मला वाटले.

बारावीचा निकाल चांगला लागला. ज्योतीरामांनी आम्हाला सगळ्यांना खाली काढले, धूळ पुसली आणि रिक्षात घालून डांगे चौकाजवळ लालमहंमद यांच्या दुकानात नेले. ते घरगुती यंत्रे दुरुस्त करतात, विकतात. खोकी धरायला स्वरूपा सोबत होती.

"सगळं कोरं आहे," ज्योतीराम म्हणाले. "पोरीच्या ॲडमिशनला लावायचंय. त्यासाठीच ठेवलं होतं, तिच्या आईनं एक चमचासुद्धा वापरला नाही."

स्वरूपाच्या हातात मी होतो. तिचे हात थांबले, ते मला कळले.

लालमहंमद यांनी मला उघडले. भांड्याखालचे रबर दाबले, तर त्याचा तुकडा पडला. कुकरची रिंग कडक झाली होती. इस्त्रीचा गंज त्यांनी न बोलता दाखवला. मग म्हणाले, "ज्योतीरामभाऊ, खोका नवा आहे. माल म्हातारा झालाय. याची गॅरंटी माळ्यावरच संपली." त्यांनी डिनर सेट ठेवून घेतला आणि त्याला जेवढे देता येईल त्याहून थोडे जास्तच दिले. त्यात प्रवेशाचे काही होणार नव्हते. निघताना त्यांनी विचारले, "बँकेत विचारलं का? माझ्या मुलाचं, सोहेलचं शिक्षण कर्जावरच झालं. पण कागद आधीपासून जमवावे लागतात."

 स्वरूपा एवढेच म्हणाली, "पप्पा, मला सांगायचं तरी."

फीच्या सवलतीचे, कर्जाचे दाखले मिळेपर्यंत प्रवेशाची तारीख गेली. स्वरूपाचे ते वर्ष गेले. ती चाकणला एका कंपनीत पॅकिंगला लागली, कागद स्वतः जमवले, आणि पुढच्या वर्षी कर्ज मिळून तिचा प्रवेश झाला. मी पुन्हा माळ्यावर गेलो. मला आता काही किंमत नव्हती, तरी साधनाबाई मला वापरेनात. "तिच्या शिक्षणाचा आहे तो," म्हणायच्या. त्या पाट्यावर वाटलेली चटणी लेकीच्या डब्यात घालायच्या. ते गार बोलणे दोघींनी पुन्हा कधी काढले नाही. स्वरूपा काढणार असावी. कितीदा डबा घेऊन निघालेली तिची पावले दारात उगाच थांबलेली ऐकू यायची. मग बस यायची.

ती शेवटच्या वर्षाला असताना साधनाबाईंना ताप आला. त्या दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. माळ्याखाली बायकांच्या रडण्याचा आवाज आला आणि ओसरला. त्यानंतर कित्येक दिवस पाट्याचा आवाज नव्हता. घर एवढे शांत असते, हे मला तेव्हा कळले.

परवा स्वरूपाने मला खाली काढले. आता ती औषधांच्या कंपनीत नोकरी करते. लालमहंमद यांनी नवे रबर बसवले आणि पैसे घेतले नाहीत. घरी आल्यावर तिने ती प्लास्टिकची तार सोडवली, भांड्यात भाजलेले दाणे, लसूण, तिखट घातले आणि बटण फिरवले. मी फिरलो. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते काम क्षणात झाले. तिने चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली, बाकीची डब्यात काढली आणि डब्याचे झाकण लावून टाकले.

ज्योतीराम दारात उभे होते. बुटांची नाडी सोडायची राहून गेली होती. म्हणाले, "तुझी आई दर दिवाळीला विचारायची. याचा आवाज कसा असेल हो?"

स्वरूपाने पुन्हा बटण फिरवले. भांडे रिकामे होते. दोघे ऐकत उभे राहिले.

मित्रांनो, घरात कोणाच्या शिक्षणासाठी काही साठवत असाल, तर ते त्या मुलाला सांगा. त्याच्यासमोर मोठ्याने बोला, वेळेवर चारचौघांना विचारा. आणि तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कोणी असेल, तर त्याला आजच खाली काढा. साधनाबाईंच्या वरवंट्याचा आवाज मी रोज ऐकला. माझा आवाज त्यांनी एकदाही ऐकला नाही.