नॉर्मनसाठी एक मिनिट

"अहो, उठा की! गेलेल्या माणसाचा मान ठेवावा," शेजारच्या बाईंनी नॉर्मन थ्रेलफॉलला कोपरानं ढोसलं.

नॉर्मन उठला नाही. समोरच्या मोठ्या पडद्यावर त्याचाच फोटो झळकत होता. पंचविशीतला, डोक्यावर केसांचं जंगल, नाक मोडलेलं. खाली जन्माचं साल आणि शेजारी चक्क यंदाचं. फुटबॉलच्या मैदानाच्या मधल्या वर्तुळाभोवती दोन्ही संघ दंडाला काळी फीत बांधून उभे होते.

गफलत कशी झाली, हे ध्यानात यायला त्याला वेळ लागला नाही. बायको, मॉरीन, वारल्यावर त्यानं घर विकलं, पलीकडच्या गावात एक खोली घेतली आणि आपल्या जुन्या क्लबला नवा पत्ता कळवायचा राहूनच गेला. गेल्या आठवड्यात पेपरात कुणा दुसऱ्याच नॉर्मन थ्रेलफॉलच्या निधनाची बातमी होती. ती वाचून त्यानं मजेत आणखी एक कप चहा घेतला होता. खात्री करायला क्लबनं तरी फोन कुणाला करायचा?

"घरचं कुणी सापडलंच नाही म्हणे," बाई हळहळल्या. "तुम्ही पाहिलंय त्याला खेळताना?"

"थोडंफार."

"कसा होता हो?"

"पाय जड. पण चेंडू आला की बिनदिक्कत डोकं घालायचा."

"आमचे हे फार शिव्या घालायचे त्याला. आपल्याच गोलात चेंडू मारला होता ना एकदा! जाऊ दे बाई, आता कशाला वाईट बोला."

पंचांनी शिट्टी वाजवली आणि श्रद्धांजलीच्या एका मिनिटाच्या टाळ्यांचा कडकडाट झाला. मग गोलामागच्या गर्दीनं त्याच्या नावाचा घोष सुरू केला. चौदा वर्षं, चारशेवर सामने. गाणी व्हायची ती गोल करणाऱ्यांची. बचाव करणाऱ्याचं नाव लोक घेत ते तो चुकला की.

'अहो, मी जिवंत आहे,' असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण मग टाळ्या थांबल्या असत्या आणि सगळे हसले असते. त्याला हा घोष हवा होता, फार हवा होता. मॉरीननं तो ऐकायला हवा होता.

पुढची खुर्ची धरून, दुखरा गुडघा सांभाळत तो उठला आणि टाळ्या वाजवू लागला.

पुन्हा शिट्टी झाली. माणसं बसली, चेंडू फिरू लागला. नॉर्मन एकटाच अजून टाळ्या वाजवत होता.

"बसा आता," बाई म्हणाल्या, "मागच्यांना दिसत नाहीये."